कौलारू रत्नागिरीचा हिशेब

मे महिना सरत आला की कोकणातल्या नगरपालिकांत एक काम न चुकता होते. शहरातल्या मोडकळीला आलेल्या घरांची यादी निघते आणि त्या घरांच्या मालकांना व भाडेकरूंना नोटिसा जातात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम १९५ चा हवाला देऊन त्यांत सांगितलेले असते की आपली इमारत धोकादायक झाली असून ती दुरुस्त करावी अथवा उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण जबाबदार राहाल. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. मग मृग लागतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

मला ही यादी फार महत्त्वाची वाटते. रत्नागिरीसारख्या गावात जुन्या घरांची जी दखल सरकारदरबारी नेमाने घेतली जाते, ती या यादीपुरती. घर जुने आहे याची नोंद होते ती ते उतरवायचे म्हणून. ते जपायचे आहे, निदान त्याचा विचार करायचा आहे, म्हणून नोंद झाल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. आणि या मोजक्या उदाहरणांनीच आपला समज करून दिला आहे की रत्नागिरीने आपला वारसा बऱ्यापैकी सांभाळला.

बाहेरगावच्या पाहुण्याला आपण काय दाखवतो? थिबा राजवाडा, टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान, सावरकरांना ठेवले होते ती तुरुंगातली कोठडी, पतितपावन मंदिर आणि रत्नदुर्ग. अर्ध्या दिवसात आटोपते. किल्ला सोडला तर या सगळ्या वास्तू कुणा ना कुणा माणसाच्या नावाने ओळखल्या जातात. म्हणजे आपण माणसांची स्मारके जपली, शहर जपले नाही. तक्रार म्हणून हे म्हणत नाही. स्मारक जपणे आणि शहर जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे लक्षात घेतल्याखेरीज पुढचे बोलता येणार नाही.

थिबा राजवाड्याचेच घ्या. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ च्या युद्धात गादीवरून उतरवला गेला आणि १८८६ साली राणी सुपयालतसह रत्नागिरीत आणला गेला. दोन तपे तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला आजचा वाडा त्याला मिळाला तो १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. ज्याच्या नावाने वाडा ओळखला जातो तो राजा त्यात जेमतेम सहा वर्षे राहिला. १९१९ मध्ये कुटुंब रंगूनला परतले. थोरली राजकन्या पुढे पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ साली इथेच हलाखीत गेली. (शेवटचा मोगल बादशहा १८६२ साली रंगूनला वारला आणि तिथेच पुरला गेला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा आपल्या शिवाजीनगरात. इंग्रजांची अदलाबदल अशी चोख असे.)

एक गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. हा वाडा राजाच्या पुण्याईने वाचला नाही. तो वाचला, कारण सरकारला खोल्या हव्या होत्या. राजाचे कुटुंब गेल्यावर तिथे कधी सरकारी अधिकारी राहिले, पुढे तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. वर्ग भरत होते म्हणून छप्पर गळले की कुणीतरी अर्ज करीत असे. वस्तुसंग्रहालय झाले ते फार नंतर. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला वंदन करायला रत्नागिरीत आले, तेव्हा आपल्याला या वास्तूचे मोल पुन्हा एकदा कळले. पण त्याआधीच्या नव्वद-शंभर वर्षांत ती उभी ठेवली ती वापराने. जुन्या इमारतीला वापर नसला की तिला वाळवी आणि वारसदार दोन्ही लागतात.

टिळकांच्या जन्मघराची गोष्ट याहून बोलकी आहे. १८५६ साली लोकमान्य तिथे जन्मले. वडील शाळेत शिक्षक. १८६६ मध्ये बदली होऊन कुटुंब पुण्याला गेले. घर राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि ते नीट राखले गेले आहे. पण त्या घराचे वैशिष्ट्य काय? तर त्यात वैशिष्ट्य असे काही नाही. चिऱ्याचे जोते, उतरते कौलारू छप्पर, ओटी, माजघर, आसपास माडपोफळी. त्या आळीत अशी घरे ओळीने होती. मध्यमवर्गीय शिक्षकाचे चारचौघांसारखे घर, हेच त्याचे सांगणे. शेजारची चारचौघे उतरली आणि त्यांच्या जागी चार मजले उभे राहिले, की मधले एकटे घर बाहुलीच्या खेळातल्यासारखे दिसू लागते. घर तेच राहते, पण ते जे सांगत होते ते ऐकू येईनासे होते. हा बदल पुरातत्त्व खाते थांबवू शकत नाही, कारण खात्याचा अधिकार स्मारकापुरता आणि फार तर त्याच्या अंगणापुरता. आळी कुणाच्याच ताब्यात नाही.

आळी म्हणजे काय, हे जरा सांगितले पाहिजे. १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा जिल्हा झाला तेव्हा मुख्य ठाणे बाणकोटला होते. ते १८२२ साली रत्नागिरीत आले आणि या गावाचे शहर होऊ लागले. कचेरी आली, पाठोपाठ वकील, कारकून, शिक्षक आले. १८२८ मध्ये इथे वाचनालय निघाले, आणि ते आजही चालू आहे. मांडवीच्या बंदरात माल आणि माणसे उतरत. तिथून चढणीने राम आळी, टिळक आळी, खालची आळी, वरची आळी, झाडगाव अशी वस्ती पसरली. मधून चिऱ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, दोन्ही बाजूंना गडगे. घराचे पुढचे अंग रस्त्याला, मागे आगर आणि विहीर. बाजारपेठेत हीच रचना थोडी बदलून आली. खाली दुकान, वर माडी, पुढे पडवी. पावसाळ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस बऱ्यापैकी कोरडा जाईल, अशी एकाला लागून एक पडव्यांची सावली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या गावात ही गोष्ट शोभेची नव्हती. आज नव्या संकुलांच्या पुढे गाड्या लावायची जागा असते आणि गिऱ्हाईक छत्री उघडून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते.

शहराचा मध्य नंतर सरकत गेला आणि प्रत्येक वेळी तो वाहनांच्या मागून गेला. मुंबईच्या बोटी होत्या तोवर मांडवी हा दरवाजा होता. अर्थात पावसाळ्याचे चार महिने तो बंदच. १९४८ नंतर एस. टी. आली, रस्ते आले, आणि दरवाजा स्टँडवर गेला. बोटी थांबल्या तेव्हा मांडवी फिरायला जायची जागा झाली. मग मारुती मंदिर, साळवी स्टॉप असा विस्तार सड्यावर चढला. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तिचे स्थानक तर जुन्या गावापासून काही किलोमीटर आत. प्रत्येक बदलाबरोबर जुन्या पेठेतले एकेक काम वर गेले. त्यामुळे पेठ ओस पडायला हवी होती. पण ती ओस पडली नाही, उलट तिच्यातली घरे पाडून उंच बांधली जात आहेत. हे कसे, हा खरा प्रश्न आहे.

याचे नेहमीचे उत्तर असे की उद्योग आले, शहर वाढले, जागेवर ताण आला. हे उत्तर मला मुळीच पटत नाही. रत्नागिरीत उद्योग आले ते गावाबाहेर. मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत, रनपारला पीव्हीसीचा कारखाना, पुढे जयगडला १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प. यांच्यापैकी कुणालाही टिळक आळीतली गुंठाभर जागा लागलेली नाही. १९९३-९४ च्या सुमारास तांबे शुद्ध करण्याचा स्टरलाइटचा कारखाना यायचा होता. रत्नागिरीकरांनी आंदोलन करून तो रोखला आणि तो तुतिकोरिनला गेला. (तिथे मे २०१८ मध्ये त्याच कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तेरा माणसे मेली. तेव्हा इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना काय वाटले असेल, ते सांगायला नको.) त्या कारखान्यासाठी दिलेली शेकडो एकर जमीन पुढे कितीतरी वर्षे नुसती पडून होती. जागेची एवढी टंचाई असलेल्या शहरात!

लोकसंख्येचे आकडेही तेच सांगतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली. सुमारे १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. शहर सत्तर हजारांवरून शहात्तर हजारांवर गेले. महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांच्या शहरांशी तुलना केली तर ही वाढ म्हणजे काहीच नाही. मग हे सदनिकांचे मजले कुणासाठी? मला दिसतात ती माणसे अशी. मुलांच्या शाळा-कॉलेजांसाठी लांजा, संगमेश्वरकडच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे. आंब्याच्या आणि मासळीच्या व्यापारात हातात पैसा आलेली मंडळी. मुंबईतून निवृत्त होऊन, चाळीतली खोली विकून परतलेली जोडपी. आणि ज्यांनी दोन सदनिका घेतल्या आहेत पण दिवाळी-गणपतीलाच ज्यांच्या खिडक्या उघडतात, असे खूपजण. यात गैर काही नाही. पण यांतल्या बहुतेकांचे सड्यावरच्या इमारतीतही तेवढेच भागले असते. जुन्या आळीतच बांधण्याचे कारण खरेदीदाराकडे नसते, ते विकणाऱ्याकडे असते.

एक नमुन्याचे घर घेऊ. गाव-नाव नको. अशी घरे प्रत्येक आळीत दोन-चार आहेत. सहा गुंठे जागा, आजोबांनी बांधलेले घर, पुढे दोन गाळे. मिळकत पत्रिकेवर अकरा नावे. त्यांतली तीन माणसे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नावे अजून चढलेली नाहीत. पाचजण मुंबई-पुण्याला, एक परदेशात, दोघी बहिणी सासरी. घरात राहते ती एक विधवा काकू. गाळ्यांत तीन पिढ्यांचे भाडेकरू. आधी १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आला आणि भाडे दरवर्षी चार टक्क्यांनी वाढवायची मुभा मिळाली. पण पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये. वर्षाच्या भाड्यात आंब्याची एक चांगली पेटी येत नाही.

आता खर्चाची बाजू. कौलारू घर ही एकदा बांधून विसरायची वस्तू नव्हे. आमच्या आजोळी वैशाखात शाकारणी असे. कौले उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा लावायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाशांना तेल द्यायचे, पश्चिमेला झापांच्या झडी बांधायच्या. घरात दहा माणसे होती तेव्हा हे घरच्या घरी होई, वर दोन गडी पुरत. काकूंना हे एकट्याने शक्य नाही, आणि शिड्या-परातींसकट पाच माणसांची आठ दिवसांची मजुरी कुणी द्यायची यावर अकराजणांचे एकमत होत नाही. जो देईल त्याचा हक्क वाढतो की काय, अशी बाकीच्यांना भीती. म्हणून कुणीच देत नाही. एका वर्षी गळते, दुसऱ्या वर्षी आढे खचते, तिसऱ्या वर्षी भिंतीचा माथा भिजतो. चिऱ्याची भिंत वरून भिजू लागली की तिचे आयुष्य मोजून घ्यावे.

अशा वेळी बिल्डर येतो. आपल्याकडे लेख लिहिणाऱ्यांनी बिल्डरला खलनायक करून ठेवले आहे, पण तो या घरात नेमके काय करतो ते पाहा. तो अकराही जणांना गाठतो, वारसनोंदी करवून घेतो, परदेशातल्या माणसाकडून कुलमुखत्यारपत्र मागवतो, बहिणींना रोख देतो, काकूंना पहिल्या मजल्यावर सदनिका आणि काम होईपर्यंतचे भाडे देतो, गाळेवाल्यांना नवे गाळे देतो. दिवाणी न्यायालयात ज्या वाटणीला तीस वर्षे लागली असती ती तो दोन वर्षांत उरकतो. त्याचा नफा हा या वाटणीचा मोबदला आहे. सामायिक मालमत्तेचा गुंता सोडवून देणारी दुसरी कोणतीही यंत्रणा आपण उभी केलेली नाही. त्यामुळे 'आपले वाडे वाचवा' असे काकूंना सांगायला जाणाऱ्याला त्या चहा देतील, पण सही बिल्डरच्याच कागदावर करतील. आणि माझ्या मते त्यात त्यांचे चुकत नाही.

या व्यवहारात भाडेकरू आडवा आला, तर सुरुवातीला सांगितलेली नोटीस कामाला येते. इमारत धोकादायक ठरली की भाडेकरूला बाहेर पडावे लागते. म्हणून काही मालक दुरुस्ती मुद्दामच करीत नाहीत आणि पालिकेच्या यादीत आपले घर येण्याची वाट पाहतात, हे उघड गुपित आहे. उलट भाडेकरू स्वखर्चाने दुरुस्ती करू लागला तर मालक हरकत घेतो. जीव वाचवण्यासाठी केलेली तरतूद घर घालवण्याच्या कामी येते. विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीच्या रेषेचेही तसेच. रेषा ज्या घरावरून गेली, रस्ता वीस वर्षे रुंद झाला नाही तरी, त्या घरावर कुणी पैसा घालत नाही. कागदावरच्या रेषेने पाडलेली घरे जेसीबीने पाडलेल्यांपेक्षा जास्त असावीत.

कायद्यात जपणुकीची सोय नाही असे मात्र नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास आराखड्याने काय काय करावे याची जी यादी आहे, तिच्यात ऐतिहासिक व पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागांचे जतन हे कलम पहिल्यापासून आहे. मुंबईने १९९५ मध्ये त्याच्या आधारे वारसा नियमावली केली. देशातली ती पहिली. यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरता आलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकता येईल, अशी तिथे भरपाई ठेवली. २०२० च्या डिसेंबरात जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली, आणि वारसा जतनाचे नियम त्यातही आहेत. पण मुंबईची युक्ती रत्नागिरीत चालणार नाही. हस्तांतरणीय हक्काला किंमत येते ती जिथे जमीन संपलेली आहे तिथे. सड्यावर मोकळा माळ पडलेला असताना जुन्या आळीतल्या मालकाचा कागद विकत कोण घेईल? हक्क कागदावर राहील आणि घर पडेल.

शेजारच्या पणजीचे उदाहरण म्हणून जास्त जवळचे वाटते. फोंतेन्हास हा तिथला जुना भाग. तिथे एखाद दुसरे स्मारक नाही, सगळी वस्तीच जपली आहे. रस्ते, गच्च्या, खिडक्या, रंग. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा संपल्यावर घराला रंग काढलाच पाहिजे असा दंडक होता, असे सांगतात. मला त्या दंडकातली गोम अशी दिसते की तो सौंदर्याचा नियम नव्हता, देखभालीचा होता. वर्षातून एकदा शिडी लागली की भेग दिसते, गळती दिसते. आपल्या शाकारणीचेही काम तेच होते. आज फोंतेन्हासमध्ये घराघरांत खानावळी आणि पाहुण्यांच्या खोल्या आहेत. वापर आहे म्हणून घरे टिकली. त्याचा जाच तिथले रहिवासी भोगत आहेतच. दारात उभे राहून फोटो काढणाऱ्यांना हाकलण्याचे काम त्यांना दिवसभर पुरते. ही किंमत आहे. पण ती घर शाबूत असलेल्या माणसाने मोजायची किंमत आहे.

एक आक्षेप मी स्वतःलाच घेऊन ठेवतो, कारण तो कुणीतरी घेणारच, आणि तो बरोबर आहे. आळी आळी म्हणून मी जे गहिवर काढतो आहे त्या आळ्या कुणाच्या होत्या? पाखाडीवरून सगळ्यांना जाता येत होते का? नव्हतेच. त्याचसाठी १९३१ साली इथे पतितपावन मंदिर उभे राहिले. पैसा भागोजीशेठ कीरांचा. याच गावात गरिबीत वाढून मुंबईत इमारतींची कंत्राटे घेत मोठा झालेला हा माणूस. आजही मुंबईच्या बांधकामाचा पैसा रत्नागिरीत येतो, फक्त त्याची मंदिरे होत नाहीत, टॉवर होतात. सांगायचे ते एवढेच की जुन्या शहराची यादी करायची तर ती टिळक आळीपाशी थांबून चालणार नाही. राजिवड्याची दाटीवाटीची घरे, मिरकरवाड्याची मच्छीमार वस्ती, पेठकिल्ला, मांडवीच्या वखारी यांचा नंबर आधी लागला पाहिजे, कारण त्यांच्यापाशी तर कुणा थोर पुरुषाचे नावही नाही. तिथे घर पडले तर बातमीही होत नाही.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आले आणि दापोली-मंडणगडची कौले उडाली. वर्षाच्या आत तौक्ते आले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. या दोन वर्षांनी कौलारू कोकणाचे जेवढे नुकसान केले तेवढे वीस वर्षांच्या बिल्डरांनी केले नसेल. वादळाने कौले नेली, हे खरे. पण ती परत आली नाहीत ती वेगळ्याच कारणांनी. मंगळुरी कौलांचे कारखाने एकामागून एक बंद होत गेले आहेत, जुन्या मापाचे कौल मिळत नाही, आणि मिळाले तरी ते लावणारा मिळत नाही. एका वयस्क सुताराशी बोललो, तर तो म्हणाला, "आता वर चढायला कोण मागत नाही हो. पोरांना सिलिंग ठोकायचं काम बरं वाटतं, सावलीत असतं." मग निळे-लाल पत्रे येतात. पत्रा वाईट नाही, स्वस्त आहे, गळत नाही. पण त्याच्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही. मग पंखा, मग वातानुकूलन, मग एक दिवस 'या घरात काही अर्थ नाही.' चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारण्याचेही तसेच. चिरा ओल घेतो आणि सोडतो. चुन्याखाली त्याला ती सोडता येते, सिमेंटखाली ती आतच राहते. पाच-सात पावसाळ्यांत पोपडे धरतात आणि दोष दगडाला लागतो. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने मेलेली घरेही मी पुष्कळ पाहिली आहेत.

पाण्याचा मुद्दा मात्र कुणी काढत नाही. शहराला पाणी शीळच्या धरणातून येते आणि मे महिन्यात त्याची ओढाताण दरवर्षीची. जुन्या सहा गुंठ्यांत एक विहीर आणि चार गुंठे आगर होते. पडलेला पाऊस तिथेच मुरत होता. आता त्याच जागेत सोळा कुटुंबे, एक कूपनलिका आणि काँक्रीटचे आवार. पावसाचे पाणी आवारातून थेट पाखाडीवर येते आणि खालच्या घरांच्या जोत्याला लागते. म्हणजे वर एक इमारत उभी राहिली की खालची दोन जुनी घरे पुढच्या मेच्या यादीत येतात. हा हिशेब परवानगी देताना मांडला जात नाही, कारण परवानगी एका भूखंडाची असते, उताराची नसते.

करता येण्यासारखे काय आहे? राज्य पातळीवरच्या मोठ्या योजनांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यांचा शेवट रोषणाई, पुतळा आणि स्वागतकमान यांत होतो. आपल्या पालिकेला उद्या सकाळी करता येईल असे पाहावे. कौले राखणाऱ्या, पडवी मोकळी ठेवणाऱ्या घराला घरपट्टीत भरघोस सूट. भाडेकरू आणि मालक यांनी मिळून केलेल्या दुरुस्तीला आठवड्यात परवानगी, आणि त्या दुरुस्तीने कुणाचाही हक्क वाढत वा कमी होत नाही अशी लेखी नोंद. धोकादायक ठरवण्याआधी चिऱ्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याचा अहवाल. जाण असलेल्या म्हणतो, कारण नुसती काँक्रीटची सवय असलेल्या माणसाला प्रत्येक मातीची सांधजोड धोकादायकच दिसते. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारीची योजना समुद्रकिनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांऐवजी आळीतल्या माडीपर्यंत आणणे. काकूंना महिन्याला चार पाहुणे मिळाले तर शाकारणीचा खर्च निघेल, आणि मग अकराजणांची सहमती मिळवायची गरजही तेवढी राहणार नाही.

ज्या घरांचे काहीच होणार नाही, ती पाडावीत. पण नवीन बांधताना रस्त्याकडेची पडवी, खालची दुकानाची ओळ आणि विहीर एवढे राखण्याची अट घालायला काय हरकत आहे? चार मजले बांधा, पण पादचाऱ्याची सावली काढून घेऊ नका. पेठेतल्या व्यापाऱ्यांनीच ही अट मागायला हवी. पावसाळ्यातले निम्मे गिऱ्हाईक त्या सावलीने येत होते.

या सगळ्याला यादी लागेल आणि यादी करायला पैसे नाहीत, समिती नाही, तज्ज्ञ नाहीत, असे उत्तर येईल. यादी तयार आहे. पालिकेच्या कर विभागात घरपट्टीचे रजिस्टर असते आणि त्यात प्रत्येक मिळकतीपुढे बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो, कौलारू की पक्के, किती जुने, किती क्षेत्र, वापर राहता की दुकानाचा. कर आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. मागच्या तीन-चार आकारण्यांची रजिस्टरे शेजारी शेजारी ठेवून प्रभागवार कौलारू नोंदी मोजल्या, तर कोणत्या आळीत किती घरे उरली आणि ती कोणत्या वेगाने चालली हे दोन कारकून पंधरा दिवसांत सांगू शकतील. गणपतीच्या आधी हे काम होऊ शकते. सभागृहात मागणी करायला एक नगरसेवक पुरेसा आहे.